न दिसणाऱ्या कामाची अमानत

हजरत नूह (अ.) यांच्या नौकेचा उल्लेख दिव्य कुरआनात अनेक ठिकाणी येतो. सूरह हूदमध्ये सांगितले आहे की ही नौका अल्लाहच्या नजरेखाली आणि त्याच्या मार्गदर्शनाने बांधली जात होती, आणि कौमचे सरदार तिथून जाता-येता बांधणाऱ्याची थट्टा करीत होते. सूरह कमरमध्ये तर नौकेचे नावही घेतलेले नाही, केवळ फळ्या आणि खिळ्यांनी बनलेली ती वस्तू एवढेच म्हटले आहे. तफसीरकारांनी या शब्दयोजनेवर पुष्कळ लिहिले आहे. मला मात्र त्यात नेहमी एक कारागिराची नजर दिसते. ज्याला पाण्यावर जायचे आहे त्याने नावेचे नाव विचारू नये, फळी कोणती आणि खिळा कसा ठोकला ते विचारावे.

आमच्या भंडारा जिल्ह्यातील एका तरुणाच्या वाट्याला ही थट्टा आली. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेतल्यावर तो कोकण किनाऱ्यावर गेला आणि तिथल्या दालदी समाजातील एका उस्तादाकडे दोन वर्षे राहून नावेच्या पाठीमागे अडकवायच्या आउटबोर्ड इंजिनांची दुरुस्ती आणि फायबरच्या नावा बांधण्याचे काम शिकला. परत आला तेव्हा मोहल्ल्यातले लोक विचारू लागले, समुद्र आठ-नऊशे किलोमीटर दूर असताना भंडाऱ्यात बोटीचे काय काम? विचारणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्याची ओळख नव्हती. हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव शेकडो वर्षे इथे भातशेतीला पाणी देत आले आहेत. मधून वैनगंगा वाहते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचे फुगवट्याचे पाणी पवनीपासून वर भंडारा शहरापर्यंत येऊन थांबते. या पाण्यावर ढीवर बांधवांची उपजीविका चालते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा शहरातल्या सखल वस्त्यांत नावा फिरत होत्या. त्या दिवसांत ज्यांच्या छतावर बायका-मुले बसली होती त्यांना बोटीचे काम काय असते हे सांगावे लागले नसते.

या विद्येत नेमके काय शिकवतात ते मी त्या तरुणाकडून बसून समजून घेतले, कारण पुढे मांडायचा प्रश्न त्याशिवाय कळणार नाही.

इंजिनाचा भाग तुलनेने सोपा आहे, निदान दोष लपवणे तिथे कठीण आहे. आउटबोर्ड इंजिन थंड ठेवण्यासाठी तळ्यातले किंवा नदीतले पाणीच आत ओढले जाते. ते ओढणारा एक लहानसा रबरी पंखा असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. पाणी नीट फिरत असेल तर इंजिनाच्या बाजूने एक बारीक धार सतत बाहेर पडते. धार थांबली की इंजिन बंद करायचे, नाहीतर ते काही मिनिटांत जळते. खालच्या पेटीतले तेल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरट निघाले तर सील फुटले आहे आणि आत पाणी शिरले आहे. बचावकार्यासाठी ठेवलेल्या इंजिनांचा रोग वेगळाच. दहा-दहा महिने ती नुसती पडून असतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत त्याचा डिंकासारखा थर बसतो, आणि पुराच्या रात्री दोरी कितीही ओढली तरी इंजिन सुरू होत नाही. दर महिन्याला ते एकदा चालवून पाहिले आणि ठेवताना कार्ब्युरेटर रिकामा केला, एवढ्याने हे टळते. हे काम करणाऱ्याला कोणी शाबासकी देत नाही, कारण जे घडले नाही ते कोणाला दिसत नाही.

फायबरची गोष्ट याहून नाजूक आहे. नाव साच्यात बनते आणि ती बाहेरून आत अशी बनते. साच्याला मेण लावून सर्वांत आधी जेलकोटचा रंगीत, गुळगुळीत थर देतात. मग काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, रेझिनमध्ये एक-दोन टक्के हार्डनर मिसळून ते तिच्यात मुरवायचे आणि रोलर फिरवून हवेचा प्रत्येक बुडबुडा बाहेर काढायचा. त्यावर पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. आमच्याकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हार्डनर कमी घालावा लागतो, नाहीतर डब्यातच रेझिन दगड होते. आता लक्षात घ्यावे की जो थर ग्राहकाला दिसतो तो सर्वांत आधी दिलेला असतो. त्याच्या मागे मॅटचे चार थर आहेत की दोनच, रेझिन नीट मुरले आहे की मॅट कोरडी राहिली आहे, हे साच्यातून निघालेल्या चकचकीत नावेकडे पाहून सांगता येत नाही.

आणि सर्वांत शेवटी येतात त्या बैठकीखालच्या बंद पोकळ्या. ढीवरांचा जुना लाकडी डोंगा पाण्याने काठोकाठ भरला तरी तळाशी जात नाही, कारण वाळलेले लाकूड पाण्यापेक्षा हलके असते. माणसे त्याला धरून तरंगू शकतात. फायबर पाण्यापेक्षा जड आहे. फायबरची नाव पाण्याने भरली की ती सरळ तळाला जाते, आणि मागे इंजिन असेल तर आधी मागची बाजू जाते. म्हणून बैठकीखाली, टोकाशी, मागच्या बाजूला बंद कप्पे ठेवून त्यांत फोम ओततात. एक घनमीटर फोम नऊशे किलोहून अधिक भार पाण्यावर धरून ठेवतो. हा फोम भरला की वरून फायबरचे झाकण बसवून जोड मिटवतात. त्यानंतर आत काय आहे हे फक्त दोघांना माहीत असते, भरणाऱ्याला आणि अल्लाहला. लाकडाच्या डोंग्यात जी दया निर्मात्याने लाकडातच ठेवली होती, ती फायबरच्या नावेत माणसाने आपल्या प्रामाणिकपणाने भरावी लागते.

त्या तरुणाला दुसऱ्या जिल्ह्यातील एका कारखान्यात रोजंदारीवर काम मिळाले. तिथे पहिल्या आठवड्यातच मालकाने सांगितले की पोकळ्यांत फोम ओतायचा नाही. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आणि पॅकिंगचा थर्माकोलचा चुरा कोंबायचा, तोही अर्धाच, आणि झाकण बंद करायचे. तो काही बोलला नाही. घरी आजारी वडील आहेत आणि लग्नाची बहीण आहे. अशा पाच नावा त्याने बंद केल्या. मग एका जुम्याला नमाज झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “मौलाना, मी मजूर आहे. मालकाने सांगितले तसे केले. याचा गुन्हा माझ्या डोक्यावर आहे का?”

मी त्याला दिलेले पहिले उत्तर चुकीचे होते, हे इथे नोंदवले पाहिजे. मी म्हणालो, हुकूम मालकाचा, माल मालकाचा, विक्री मालकाची; तू इस्तिगफार कर आणि दुसरे काम शोध. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला आणि तो निघून गेला. मला मात्र रात्री झोप लागली नाही. मदरशात शिकलेले एक पान डोळ्यांपुढे येत राहिले.

हनफी मदरशात फिकहचा अभ्यास ज्या ग्रंथाने पक्का होतो त्या कुदूरीमध्ये मजुरीच्या प्रकरणात कारागिराच्या जबाबदारीचे मसले आहेत. अनेकांचे काम घेणारा कारागीर आणि एकाच मालकाकडे बांधलेला नोकर यांत तिथे फरक केला आहे. धोब्याने आपटताना कपडा फाडला, हमालाचा पाय घसरला, नावाड्याने ओढताना नौका बुडाली, तर मालाची भरपाई कारागिराने द्यावी. नोकराकडून मात्र त्याने मुद्दाम बिघाड केल्याशिवाय भरपाई घेतली जात नाही. माझे उत्तर यावर उभे होते. परंतु त्याच ठिकाणी पुढे एक अपवाद आहे. नौका बुडून जी माणसे दगावतील त्यांची भरपाई या मजुरीच्या कराराखाली येत नाही. विद्यार्थी असताना मला हे वाक्य विचित्र वाटले होते. कपड्याची भरपाई आहे आणि माणसाची नाही? उस्तादांनी समजावले होते की अर्थ नेमका उलटा आहे. माणसाचा जीव हा कराराचा विषयच नाही. तो मजुरीच्या प्रकरणात मोजला जात नाही, तो खून आणि इजा यांच्या प्रकरणात मोजला जातो. तिथे तू नोकर होतास की ठेकेदार, हा पहिला प्रश्न नसतो.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी ते दुसरे प्रकरण काढून बसलो. हिदायामध्ये विहिरीचा मसला आहे. एका माणसाने मजूर लावून अशा जागी विहीर खणवली जी त्याची नव्हती, आणि कोणी त्यात पडून मेला. जबाबदार कोण? मजुरांना ठाऊक नसेल की जागा परक्याची आहे, तर जबाबदारी खणवून घेणाऱ्याची, मजुरांवर काही नाही. आणि त्यांना ठाऊक असेल तर जबाबदारी मजुरांची. फावडे तेच, घाम तोच, हुकूम देणारा तोच. बदलले ते केवळ मजुराचे जाणणे, आणि त्याबरोबर सारा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला.

माझ्या मते या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. प्रत्यक्ष खटल्यात विहीर आणि नाव यांत मुफ्ती काय काय फरक करतील तो अभ्यासाचा विषय आहे, आणि मालक तर विक्रेता म्हणून कुठेच सुटत नाही. पण गुन्ह्याच्या हिशोबात बाब स्पष्ट आहे. त्या कारखान्यात आणखी दोन पोरे मॅट कापायला होती. पोकळी कशासाठी असते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. त्यांच्यासाठी ती एक बैठक होती. याला मात्र उस्तादाने दोन वर्षे शिकवले होते. लोक समजतात की शिक्षणाने माणूस वर चढतो आणि मोकळा होतो. चढतो हे खरे, पण मोकळा होत नाही. जे इतरांसाठी अजाणतेपणी केलेले काम होते ते त्याच्यासाठी, शिकलेला असल्यामुळे, जाणून केलेले काम झाले.

मग कोणी म्हणेल, न शिकणेच सुरक्षित! या पळवाटेचाही बंदोबस्त प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केला आहे. अबू दाऊदमध्ये हदीस आहे की ज्याला वैद्यकीचे ज्ञान नाही आणि तरी जो उपचार करतो, त्याच्याकडून नुकसानाची भरपाई घेतली जाईल. विहिरीच्या मजुराचे अज्ञान माफ झाले कारण जागा कोणाची हे जाणण्याचा दावा त्याने केला नव्हता. नीमहकीमाचे अज्ञान माफ झाले नाही, कारण त्याने ज्ञानाचा दावा केला होता. नाव बांधतो म्हणणारा, इंजिन दुरुस्त करतो म्हणणारा दावा करीत असतो. त्याला न शिकण्याची मोकळीक नाही आणि शिकल्यावर विसरण्याचीही नाही.

मालकाच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. तो या तरुणाला म्हणाला होता की फोम महाग आहे, फोम घातला तर नाव महाग होते, आणि गरीब मासेमार ती घेऊ शकत नाही. स्वस्त नाव मिळाली तर त्याचे घर चालेल. म्हणजे आपण गरिबाचेच भले करतो आहोत. हे ऐकून मला सूरह कहफमधली नौका आठवली. तीही पाण्यावर कष्ट करणाऱ्या गरिबांचीच होती. अल्लाहच्या त्या ज्ञानी बंद्याने, ज्यांना आपण हजरत खिज्र (अ.) म्हणतो, तिला भोक पाडले. हजरत मूसा (अ.) यांनी तत्काळ विचारले की यातल्या माणसांना बुडवायचे आहे काय? पुढे उलगडले की एक राजा धडधाकट नौका बळकावीत होता, आणि सदोष नौका त्याने सोडून दिली असती. चांगल्या हेतूने नावेत दोष ठेवल्याचे हे उदाहरण मालकाच्या कामी येईल का? येणार नाही. खिज्र (अ.) यांनी पाडलेले भोक दिसण्यासाठी पाडलेले होते. राजाला ते दिसले तरच उपयोग. नौकेच्या धन्यालाही ते दिसत होते, बुजवता येत होते. इथे दोष झाकणाखाली आहे आणि वर जेलकोटची चमक आहे. शिवाय खिज्र (अ.) यांचे ज्ञान अल्लाहकडून आलेले होते आणि आमच्या मालकाचे नफ्या-तोट्याच्या वहीतून. गरिबाला खरोखर स्वस्त नाव द्यायची असेल तर लहान द्यावी, साधी द्यावी, बिनरंगाची द्यावी, आणि तिच्यात काय आहे व काय नाही ते सांगून द्यावी. इब्ने माजाच्या हदीसमध्ये हेच आहे की वस्तूतला दोष सांगितल्याखेरीज ती विकणे हलाल नाही.

राहिला हुकुमाचा प्रश्न. प्रेषितांनी (स.) एक तुकडी पाठवली होती. तिचा सरदार रागावला, त्याने लाकडे जमवून आग पेटवायला लावली आणि सैनिकांना तिच्यात उतरण्याचा हुकूम दिला. ते थबकले. आपण आगीपासून वाचण्यासाठीच तर प्रेषितांकडे आलो, असे ते एकमेकांत म्हणाले, आणि तेवढ्यात आग विझली. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते म्हणाले की ते आत गेले असते तर कधीच बाहेर आले नसते, आज्ञापालन केवळ भल्या गोष्टीत असते. हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्या सैनिकांसमोर आग त्यांच्या स्वतःसाठी होती. कारखान्यातल्या मजुरासमोर पाणी दुसऱ्यासाठी असते, म्हणून हुकूम पाळणे सोपे जाते. २३ जानेवारी २०२४ रोजी आमच्याच वैनगंगेत, खाली गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ, मिरची तोडायला निघालेल्या सहा शेतमजूर महिला नाव उलटून बुडाल्या. रोजंदारीसाठी घरून निघालेले ते जीव होते. नावेत बसणारी माणसे बहुतेक अशीच असतात. नावेत बसताना बैठकीखाली काय भरले आहे हे ती विचारत नाहीत, आणि विचारले तरी कोण उघडून दाखवणार?

हे सारे त्या तरुणाला पुन्हा बोलावून सांगणे माझ्यावर फर्ज होते, आणि ते कठीण गेले. आधी दिलेली सुटका परत घ्यायची होती. मी त्याला एवढेही सांगितले की नोकरी सुटली तर तुझ्या घराचा भार जमातीने उचलला पाहिजे. बुखारीतली नौकेची हदीस आपण तकरीरींत रंगवून सांगतो. खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी तळाला भोक पाडू लागले आणि वरच्यांनी त्यांचा हात धरला नाही, तर सगळेच बुडतील. पण त्या हदीसमध्ये खालच्यांना पाणी हवे होते, ही गोष्ट आपण भरभर ओलांडतो. त्यांची गरज खरी होती. वरच्यांनी पाणी दिले असते तर भोकाचा विचार कदाचित आलाच नसता. एका मजुराला “हराम रोजी सोड” म्हणणाऱ्या इमामाने त्याच्या घरी त्या महिन्याचे धान्य आहे का, हे आधी पाहावे. मी पहिल्या दिवशी ते पाहिले नव्हते. सोपे उत्तर देण्याचे एक कारण तेही असावे.

शिकवणाऱ्यांविषयीही थोडे लिहितो. या विद्येच्या सरकारी व्यवस्था आहेत. कोचीची केंद्रीय मत्स्यव्यवसाय नौकानयन व अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था १९६३ पासून नावाडी आणि मरीन फिटर घडवते आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची किनाऱ्यावरची केंद्रे मच्छीमार तरुणांना नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल सहा महिन्यांत शिकवतात. आमच्या जिल्ह्यातल्या मुलांनी तिथे जावे असे मी जुम्याच्या बयानातही सांगतो. पण माझ्या मनात राहतो तो प्रमाणपत्राचा प्रश्न. प्रमाणपत्र ही शहादत आहे. अमुक माणसाला हे काम येते अशी साक्ष देणारा त्यावर सही करतो. अनुदान मिळवण्यासाठी, पटसंख्या दाखवण्यासाठी किंवा पोराचे वाटोळे होऊ नये या मायेपोटी ज्याने रोलर हातात न धरलेल्या मुलाला उत्तीर्ण केले, त्याने खोटी साक्ष दिली. खोट्या साक्षीची गणना प्रेषितांनी (स.) सर्वांत मोठ्या गुन्ह्यांत केली आहे. ते सांगताना ते टेकलेले होते ते उठून बसले आणि इतक्या वेळा बोलले की साथीदारांना वाटले, आता थांबले तर बरे. मदरशाच्या सनदेलाही हेच लागू आहे, आणि ती सनद माझ्या घरी भिंतीवर आहे.

हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि चिलखते बनवायला सांगितले, हे सूरह सबामध्ये आहे. त्याच आदेशात कड्यांचे माप नीट राखण्याची ताकीदही आहे. चिलखताच्या कड्या एकात एक गुंतलेल्या असतात, त्यातली एखादी कच्ची निघाली तर ती लढाईच्या दिवशीच कळते. एका प्रेषितालाही केवळ काम करायला नव्हे, माप राखून काम करायला सांगितले गेले.

त्या तरुणाने नोकरी सोडली. पाचपैकी चार नावा कोणाकडे गेल्या ते त्याला माहीत होते. दोन एका मच्छीमार सहकारी संस्थेकडे होत्या. तिथे जाऊन त्याने सगळे सांगितले तेव्हा आधी कोणाचा विश्वास बसला नाही. एक म्हातारे ढीवर म्हणाले, “पोरा, नाव तर चांगली चालते.” मग त्यानेच उपाय सुचवला. काठाजवळ छातीएवढ्या पाण्यात नाव नेली, मागे इंजिनाच्या वजनाइतका दगड बांधला आणि बादल्यांनी नाव भरली. डोंगा असता तर काठ पाण्याबरोबर ठेवून तरंगला असता. ही मागून बसली आणि तळाला टेकली. म्हातारे बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. त्यानंतर झाकणे कापून पिशव्या बाहेर काढल्या, आणि त्याने मजुरी न घेता त्या दोन्ही नावांत फोम भरून दिला. फोमचे पैसे संस्थेने निम्मे दिले, निम्मे मोहल्ल्यातल्या काही लोकांनी. उरलेल्या दोन नावांचे धनी सुरुवातीला भांडले, नंतर त्यांनीही त्या आणून दिल्या.

पाचवी नाव सापडलेली नाही. ती दुसऱ्या राज्यातला कोणी व्यापारी ट्रकवर घालून घेऊन गेला होता. कारखान्याच्या वहीत त्याचा पत्ता नाही, निदान मालक तसे म्हणतो. तरुणाने त्या बाजूच्या दोन-तीन धरणांवर जाऊन चौकशी केली. गेल्या महिन्यात तो पुन्हा मशिदीत थांबला आणि विचारू लागला की आणखी किती दिवस शोधायचे. सापडलेल्या वस्तूचा धनी वर्षभर शोधावा असे फिकहमध्ये आहे, पण ते वस्तूचे झाले. मी त्याला शोधत राहा म्हणालो. किती दिवस, ते मला सांगता आले नाही. पावसाळा सुरू झाला आहे, आणि निळ्या रंगाची, पंधरा फुटांची ती नाव कुठल्या तरी पाण्यावर आहे.